कॉटखालचा बागुलबुवा



हा अंक हातात पडल्यावर तुमच्यापैकी काहीजणी नाराज होणार, याची मला कल्पना आहे. मुखपृष्ठावर चक्क हडळ आहे. सार्वजनिक संडासाच्या रांगेत ती डबा घेऊन उभी आहे आणि तिच्यापुढे अकरा बायका आहेत. चित्र दहा वर्षांच्या एका मुलीने काढले आहे. आतल्या पानांवर भुते आहेत, बागुलबुवा आहे, माणसे खाणारी लिफ्ट आहे, मुलांचे दात चोरून त्यांची माळ करणारी म्हातारी आहे. बऱ्याच गोष्टींत कुणीतरी मरते आणि तरीही वाचताना हसू येते. स्त्री-चळवळीच्या त्रैमासिकात हे कशाला, असा प्रश्न आमच्या संपादक मंडळाच्या बैठकीतही आला, आणि तो योग्यच होता. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वस्तीतल्या केंद्रावर आम्ही मुलांचे तीन दिवसांचे शिबिर घेतले. विषय होता ‘मला कशाची भीती वाटते’. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली बाई जशी तयारी करते, तशी मी केली होती. तक्ते, रंगीत कार्डे, हसरे-रडके चेहरे, सगळे तयार. पहिल्या दिवशी सव्वीस मुलांनी मला हवी ती उत्तरे दिली. पाल, झुरळ, अंधार, परीक्षा. मी तक्ता भरला आणि संध्याकाळी थोडी निराश होऊन चहा घेत बसले. तेव्हा आमच्या बालवाडीच्या ताई म्हणाल्या, “अगं, भीती कसली विचारतेस? परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देतात ती. गोष्ट सांगायला सांग. भीतीची, पण हसायला लावणारी.”

दुसऱ्या दिवशी तसे सांगितले आणि मुलांना आवरणे कठीण झाले.

मुखपृष्ठावरची गोष्ट थोडक्यात अशी. वस्तीच्या टोकाला सार्वजनिक संडास आहे, तिथे रात्री हडळ बसते. एका मुलीला रात्री जावे लागते. हडळ म्हणते, “मी तुला खाणार.” मुलगी म्हणते, “खा ना, पण आधी नंबर लाव. माझ्या पुढं अकरा बायका आहेत.” हडळ बिचारी रांगेत उभी राहते. पण नंबर लागेपर्यंत पाणी जाते, पाणी आले की दार अडकते, दार उघडले की कुणाची तरी सासू मध्ये घुसते. अशी तीन वर्षे जातात. शेवटी धरून धरून हडळीलाच मूतखडा होतो आणि ती सरकारी दवाखान्याच्या रांगेत जाऊन उभी राहते. तिथे तिच्यापुढे चाळीस जण असतात.

आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. शेवटच्या दिवशी मुलांनी हीच गोष्ट आयांसमोर करून दाखवली, तेव्हा आयाही हसल्या. मग त्यांच्यातली एक एकदम म्हणाली, “अगं, पण तिथला दिवा गेल्याला किती दिवस झाले?” कुणी म्हणाले आठ महिने, कुणी म्हणाले वर्ष. आमच्या गटबैठकांत संडासाचा प्रश्न अनेकदा निघाला होता. सीट किती, साफसफाई कोण करतो, पैसे किती घेतात, हे सगळे आमच्या नोंदींत होते. पण अंधारामुळे मुली संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, ही नोंद कुठेही नव्हती. ती आम्हाला हडळीने दिली.

दुसरी गोष्ट एका नऊ वर्षांच्या मुलाची. हा एरवी बोलत नाही. बागुलबुवा त्याच्या घरी मुलांना पळवून न्यायला येतो. पोते घेऊन तो कॉटखाली लपून बसतो, आणि तेवढ्यात बाबा दारू पिऊन येतात. भांडी उडायला लागतात. मुलगा आणि त्याची धाकटी बहीण नेहमीप्रमाणे कॉटखाली शिरतात, तर तिथे आधीच बागुलबुवा! तो थरथर कापत असतो. मुलगा त्याला म्हणतो, “गप बस. आवाज केलास तर तुला पण मारतील.” मग तिघे मिळून पोते पांघरून घेतात. सकाळी बागुलबुवा आईने केलेला चहा पितो आणि म्हणतो, “मी परत तुमच्याकडं येणार नाही बाबा, आमच्याकडं असलं काही नसतं.” आणि पोते तिथेच विसरून जातो.

मुले हसली. ‘बागुलबुवा थरथर कापतो’ इथे तर एकाने जमिनीवर लोळण घेतली. मोठी माणसे मात्र हसता हसता गप्प झाली.

आणि मग माझ्याकडून जी चूक झाली, ती इथे कबूल करायला हवी. मी त्याला म्हटले, “छान आहे रे गोष्ट. शेवटी बाबांनी दारू सोडली, असं करू या का?” त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, “ताई, मग ती खोटी होईल.” बागुलबुवाची गोष्ट खोटी नव्हती, पण माझा शेवट खोटा होता. शिकलेली सगळी बालमानसशास्त्राची पुस्तके मला त्या क्षणी उपयोगी पडली नाहीत. तात्पर्याची घाई मला झाली होती, कारण ती गोष्ट मला सहन होत नव्हती. त्याला मात्र सहन होत होती, कारण ती त्याने स्वतः रचली होती. घरातल्या सगळ्यात भयंकर रात्रीत बागुलबुवाला आपल्यापेक्षा लहान करून, त्याला आपल्या पोत्यात घेऊन, तो स्वतः मोठा झाला होता.

या मुलाची आई आमच्या समुपदेशन केंद्रात पूर्वी येऊन गेली आहे. मी तिचा केसपेपर काढून पाहिला. मारहाणीचे प्रकार, तारखा, माहेरचा आधार, दागिने कुणाकडे, सगळे नीट लिहिलेले. ‘मुले’ या शब्दापुढे एक रेघ आणि त्या रेघेवर माझ्याच अक्षरात लिहिले होते: दोन, मुलगा ७, मुलगी ४. एवढेच. मैत्रिणींनो, गेली कित्येक वर्षे आपण घरातल्या हिंसेवर काम करतो आहोत. २००५ च्या कायद्यासाठी आपण झगडलो. पण मुले आपल्या कागदांवर बहुतेक वेळा अशीच येतात, बाईच्या अडचणींच्या यादीतला एक आकडा म्हणून. ती त्या खोलीत होती, जागी होती, ऐकत होती, हे आपण विचारत नाही. या आईला मी गोष्ट छापण्याबद्दल विचारायला गेले, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मला वाटायचं पोरं झोपलेली असतात.”

आता आक्षेपांकडे येते. बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ मैत्रिणीने विचारले, “वीस-पंचवीस वर्षं आपण अंधश्रद्धेविरुद्ध बोलतोय. २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी मोर्चे काढले. आणि आता आपणच हडळ छापायची?” दुसरीचे म्हणणे होते की मारहाणीचा विनोद करणे धोक्याचे आहे, ज्याने मारले त्यालाही हसायला मोकळीक मिळते.

दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बाळंतपणात किंवा छळाने गेलेली बाई हडळ होते, असे गावोगावी सांगतात. म्हणजे जिला जिवंतपणी कुणी वाचवले नाही, तिचीच मेल्यावर इतर मुलींना भीती घालायची. मुलगी तिन्हीसांजेला बाहेर पडू नये, मोठ्याने हसू नये, केस मोकळे सोडू नयेत, या सगळ्यासाठी हडळ कामाला लावलेली आहे. म्हणून प्रश्न असा की गोष्ट कोण सांगतो, कुणाला सांगतो, आणि शेवटी हसतो कोण.

यावर विचार करताना मला परदेशातले एक जुने पुस्तक आठवले. जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात हाइनरिश हॉफमान नावाचा डॉक्टर होता. त्या काळी तिथल्या घरांत मुलांना डॉक्टरची भीती घालत, आपल्याकडे ‘सुई टोचतील हं’ म्हणतात तशीच. मग आजारी मूल त्याला हातच लावू देत नसे. तेव्हा तो खिशातून कागद काढून चित्र काढायचा, गमतीची गोष्ट सांगायचा, मूल शांत व्हायचे. १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी त्याला बाजारात धड पुस्तक मिळाले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक वही तयार केली. १८४५ मध्ये ती छापली गेली, आणि ‘श्ट्रुव्हेलपेटर’ या नावाने जगभर गेली. त्यात काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि तिच्या दोन मांजरी रडत बसतात. सूप न पिणारा गुटगुटीत मुलगा रोज रोडावत पाचव्या दिवशी मरतो. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे दोन्ही अंगठे एक शिंपी भल्यामोठ्या कात्रीने कापून टाकतो.

हे पुस्तक क्रूर आहे की विनोदी, यावर अजून वाद चालतो. काहीजण म्हणतात, चित्रे इतकी अतिशयोक्त आहेत की मुले घाबरण्याऐवजी हसतात. ते खरेही असेल. पण मला त्यातली एक गोष्ट खटकते. भीती घालवण्यासाठी ज्याने चित्रे काढायला सुरुवात केली, त्याच्याही पुस्तकात शिक्षा मुलालाच होते. अंगठा मुलाचा जातो, शिंप्याचे काहीच जात नाही. भयंकर गोष्ट मोठ्यांच्या हातात गेली की तिची छडी व्हायला वेळ लागत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण बंगालीत आहे. सत्यजित राय यांचे वडील सुकुमार राय यांचा ‘आबोल ताबोल’ हा बालकवितांचा संग्रह १९२३ च्या सप्टेंबरमध्ये निघाला. त्याच महिन्यात, पुस्तक हाती येण्याच्या काही दिवस आधी, काळा आजाराने ते गेले. वय पस्तीस. त्या संग्रहात एक शिंगवाला प्राणी आहे. तो समोरच्याला सारखा सांगत असतो की भिऊ नकोस, मी तुला मारणार नाही, माझ्या घरी ये, लाडात ठेवीन. हातात सोटा असतो, पण तो म्हणे अगदी हलका. आणि एवढे सांगूनही समोरचा घाबरतोच, तेव्हा तो चिडून बजावतो की असा उगाच घाबरलास तर मी, माझी बायको आणि माझी नऊ पोरे मिळून तुला चावू.

शंभर वर्षे झाली, पण आपल्या घरांचे, शाळांचे आणि पोलीस ठाण्यांचे इतके नेमके वर्णन मी दुसरीकडे वाचलेले नाही. “घाबरू नकोस, खरं सांग, नाही तर बघ!” हे वाक्य आपण प्रत्येकीने कधी ना कधी उच्चारले आहे. मीसुद्धा. सुकुमार राय यांच्या कवितेत हसे होते ते त्या प्राण्याचे, भिणाऱ्या मुलाचे नव्हे. आमच्या शिबिरातल्या गोष्टी या जातीच्या आहेत.

आणि खरे म्हणजे बंगालपर्यंत जायचीही गरज नाही. लेकीकडे निघालेल्या आपल्या म्हातारीला जंगलात वाघ भेटतो. ती लढत नाही, पळतही नाही. “लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा” असे सांगून वेळ मागून घेते आणि येताना भोपळ्यात बसून निसटते. चिऊताईचे घर मेणाचे. बाहेर पाऊस, दारावर कावळा. ती नाही म्हणत नाही, एकामागून एक बाळाची कामे काढत राहते. न्हाऊ, तीट, काजळ. बाई घरात एकटी, पदरी लहान मूल, दारात कुणीतरी आत येऊ पाहणारा. आपण ही गोष्ट आळशी कावळ्याची म्हणून सांगतो. मला आता ती दार कधी उघडायचे हे स्वतः ठरवणाऱ्या बाईची वाटते. या गोष्टी आपल्या आज्यांनी भीतीवरच रचल्या, पण तिच्यातून सुटायची वाटही आत ठेवली. आपण मात्र कथेतली युक्ती विसरलो आणि वाघ तेवढा लक्षात ठेवला.

भीतीबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय हे संपादकीय पुरे होणार नाही. लहानपणी मी जेवत नसले की आमची आजी म्हणायची, “झोळीवाला गोसावी नेईल हं.” दारात गोसावी आला की मी माजघरात दडून बसे. पुढे शिक्षणाचा भाग म्हणून भटक्या जमातींच्या पालांवर जायची वेळ आली. तिथल्या एका बाईला मी सहज विचारले, “मावशी, तुम्ही पोरांना कुणाची भीती घालता?” ती हसली आणि म्हणाली, “पोलिसाची. आन् तुमच्यासारख्या गाववाल्यांची.” ज्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये कागदावर मुक्त केले, त्यांच्या पालात बागुलबुवा आम्ही होतो.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. सोलापूर जिल्ह्यातून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसे. मोबाइलवर अफवा फिरत होती की मुले पळवणारी टोळी आली आहे. मारणाऱ्यांच्या मनात ही भीती मोबाइलने पेरली नाही. तिचे बी घराघरांत जेवणाच्या ताटावर आधीच पडले होते, अफवेने फक्त पाणी घातले.

आणि प्रत्यक्षात मुलांना धोका कुणाकडून असतो? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचे लैंगिक शोषण अनुभवल्याचे सांगितले, आणि त्यांत मुलगेही मुलींइतकेच होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली नोंदल्या जाणाऱ्या मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी ओळखीतलाच असण्याचे प्रमाण गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत नव्वद टक्क्यांहून अधिक दिसते. म्हणजे आपण मुलांना बोट दाखवतो रस्त्यावरच्या झोळीवाल्याकडे, आणि धोका असतो घरात, शेजारी, नात्यात. चुकीच्या माणसाला भ्यायला शिकवलेले मूल खऱ्या माणसाबद्दल बोलणार कसे?

शिबिरातली एक गोष्ट या अंकात नाही. ती एका मुलीने सुरू केली आणि अर्ध्यात थांबवली. तिच्या बाबतीत एवढेच सांगते की आम्ही ती तिच्यासाठी पुरी केली नाही. ‘मग काय झालं, कुणी केलं’ असे खोदून विचारले नाही. बालवाडीच्या ताई तिच्याशेजारी बसून राहिल्या. पुढे जे कायद्याने करायचे ते केले.

तुमच्यापैकी ज्या मुलांबरोबर असे काम करणार असतील त्यांच्यासाठी थोडे लिहिते. गोष्ट म्हणजे जबानी नव्हे. प्रत्येक राक्षसात बाप शोधू नका, बरेच राक्षस नुसते राक्षसच असतात. पण मूल स्वतः काही सांगू लागले, तर ऐका, मध्ये शब्द घालू नका, ‘कुणाला सांगणार नाही’ असे खोटे वचन देऊ नका. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यावर पोलिसांना कळवणे २०१२ च्या कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. त्याच कायद्याने मुलाची जबानी त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायची असते, आणि मुलाची ओळख उघड करायची नसते. हे ठाण्यावर सांगायची वेळ येते, तेव्हा कलम चोवीस पाठ असू द्या. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी मुलांनाही पाठ करून द्या.

ज्येष्ठ मैत्रिणीच्या आक्षेपावर आम्ही शेवटी असे ठरवले. मोठ्यांनी मुलांना भीती घालण्यासाठी रचलेली एकही गोष्ट आम्ही छापणार नाही. मुलांनी स्वतःच्या भीतीवर रचलेली गोष्ट मात्र तिचा शेवट न बदलता, खाली तात्पर्य न लिहिता छापू. कुणाचेही नाव दिलेले नाही, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि प्रत्येक मुलाला व त्याच्या आईला विचारले आहे. बागुलबुवाच्या गोष्टीबद्दल ती आई म्हणाली, “नाव नको. पण छापा. त्यांच्या बाबाला नाही कळणार, पण बाकीच्या आयांना कळंल.” ती त्यानंतर दोनदा केंद्रात आली आहे. काय करायचे ते तिचे अजून ठरलेले नाही, आणि आम्ही घाई करत नाही. पण केसपेपरवरची ‘मुले’ ही रेघ आम्ही मोठी केली आहे. तिथे आता विचारतो: त्या वेळी मुले कुठे होती? तुम्हीही विचारून पाहा. उत्तर देताना बाई थांबते, आणि पुष्कळदा तिथूनच बोलणे खरे सुरू होते.

तुमच्या गटांत, बालवाड्यांत, वस्त्यांत मुलांना अशा गोष्टी सांगू द्या, आणि जमल्यास आमच्याकडे पाठवा. न पटले तर तेही कळवा.

ता. क. वॉर्ड कार्यालयात बायका तीनदा जाऊन आल्या. दीड महिन्याने संडासापाशी दिवा लागला. चित्रकार मुलीला मी विचारले, “मग काय, गेली का हडळ?” ती म्हणाली, “नाही ताई, आहे अजून. पण आता तिच्या पुढं किती जणी आहेत ते दिसतं.”